गल्ल्यावर कोण?

८ जून २०२३ ची सकाळ. आदल्या दिवशी मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली होती, शिवाजी चौकात लाठीमार झाला होता आणि नेट बंद होतं. शाहूपुरीतली निम्मी शटरं अजून खालीच. माझ्या नेहमीच्या चहाच्या गाड्यावर मात्र स्टोव्ह घरघरत होता. चहा घेतला, सवयीनं मोबाइल क्यूआर कोडसमोर धरला आणि पडद्यावर चक्र फिरत राहिलं. खिशात सुटे नाहीत. गाडीवाल्यानं शंभर पानी वही उघडली, कानावरचं पेन काढलं आणि विचारलं, "नाव काय लिवू?" चार वर्षं मी त्याच्याकडे चहा पीत होतो, तरी त्याला माझं नाव ठाऊक नव्हतं, मला त्याचं. पानावर माझ्याआधी नऊ-दहा नावं होती. एक हमाल, दोन ट्रान्सपोर्टवाले, एक शेठ, एक मुल्ला, एक जाधव, बँकेतला एक क्लार्क. प्रत्येकापुढे दहा नाहीतर वीस. आदल्या दिवशी ज्या नावांवरून दगड उडाले होते, ती सगळी त्या पानावर एकाखाली एक निवांत बसली होती.

दंगल झाली की आपण पोलिसांबद्दल बोलतो, पुढाऱ्यांबद्दल बोलतो, व्हॉट्सअॅपच्या नावानं बोटं मोडतो. गल्ल्याबद्दल कुणी बोलत नाही. पैसा कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातो आणि त्या वाटेवर कुणाला कुणाची गरज पडते, याचा गावच्या शांततेशी काय संबंध आहे, हे आता जगभर तपासलं जातंय. त्याला नाव जरा भारदस्त मिळालंय: इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंगमधून शांतता. नावाला भिऊ नका, गोष्ट ओळखीची आहे.

देवळाच्या पेटीत टाकलेला पैसा परत येत नाही, येऊही नये. शेअर बाजारात टाकलेल्या पैशाला आपण सिगारेटच्या कंपनीत गेलो की औषधाच्या, याच्याशी सहसा देणंघेणं नसतं. या दोहोंच्या मधे एक तिसरा पैसा असतो. त्याला मुद्दल परत पाहिजे, थोडंफार व्याज पाहिजे आणि आपल्यामुळे जमिनीवर काय बदललं ते मोजूनही पाहिजे. २००७ साली इटलीतल्या बेलाजिओला रॉकफेलर फाउंडेशनच्या बैठकीत या पैशाला इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग हे नाव पडलं. २००९ मध्ये त्याची जागतिक संघटना निघाली, आणि तिच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात असा पैसा १.५७ लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. शाळा, दवाखाने, सौरऊर्जा, छोटी कर्जं यांत तो फिरतो. प्रश्न असा की जिथं बंदुका चालतात, घरं जळतात, तिथं तो जातो का, आणि गेला तर आग विझते की भडकते?

उत्तरासाठी लांब जायच्या आधी आपल्याच पेठेत थोडं थांबू.

१८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. गूळ इथल्या मातीत आधीपासून होता. त्याचा भाव मात्र आपल्या दारात ठरत नव्हता. पेठ झाली, अडतीची दुकानं आली, बाहेरचे व्यापारी आले, आणि कोल्हापूरचा गूळ हे नाव झालं. रव्यावर चाकू टोचून कपची काढायची, जिभेवर ठेवायची, उजेडात रंग बघायचा आणि भाव बोलायचा, हे ज्यानं केलंय त्याला बाजार म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, पण पहिली गल्ली ते सहावी गल्ली अशी नंबरवार पेठ अजून तशीच आहे.

महाराजांचं राज्य शांत होतं असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, वेदोक्ताचा वाद, जातीजातींत धुमसणारं वैर. २६ जुलै १९०२ च्या राखीव जागांच्या आज्ञेनं ते आणखी उघड्यावर आलं. या सगळ्यात महाराजांनी पैसा कसा वापरला ते बघण्यासारखं आहे. जातवार वसतिगृहं काढली, १९०६ साली कापडाची गिरणी उभारायला घेतली, सहकारी संस्थांचा कायदा केला. गुन्हेगार म्हणून ठप्पा मारलेल्या जमातींना रोज पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. १९१८ मध्ये ती हजेरी बंद केली आणि त्यांच्यातल्या माणसांना पगारी कामावर घेतलं. ज्याच्यावर चोर म्हणून पहारा बसायचा, त्यालाच पहाऱ्यावर बसवलं. आजच्या सल्लागार कंपनीनं यावर दोनशे पानी अहवाल दिला असता.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती गंगाराम कांबळेंची गोष्ट. कोल्हापुरात ती पोरासोरांना पाठ आहे, तरी इथं सांगतो, कारण तिचा एक भाग नेहमी निसटतो. गंगाराम राजवाड्याच्या चाकरीत होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, चाकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. मदत दिली. भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक हॉटेल निघालं. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढची अडचण अशी की हॉटेलात कुणी येईना. भांडवल होतं, भांडी होती, चहा उत्तम होता, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांची गाडी हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांना पाजायचे. राजानं घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार! पुढे सोडा वॉटरचं यंत्रही मिळालं.

निसटतो तो भाग हा: महाराज तिथं सावकार म्हणून थांबले नाहीत, गिऱ्हाईक म्हणून बसले. पैसा देणं सोपं असतं. ज्याला पैसा दिला त्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देणं, आणि गल्ल्यावर त्यालाच बसू देणं, हे अवघड. समाजाची वीण तिथं बदलते, कारण कालपर्यंत ज्याला दारात उभं केलं नाही त्याच्यापुढे आता कप घेऊन आपण उभे असतो.

ही गोष्ट मनात ठेवून रवांडाकडे बघा. १९९४ साली एप्रिल ते जुलै अशा शंभर दिवसांत तिथं लाखो तुत्सींची आणि त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या हुतूंची कत्तल झाली. मारणारे बरेचदा शेजारीच होते. त्याच्या आधी, १९८९ मध्ये, कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडून भाव कोसळले होते आणि डोंगरउतारावरचा लहान शेतकरी पिचला होता. कत्तलीचं ते एकमेव कारण नव्हे, पण रिकाम्या पोटाचं सरपण तिथं रचलेलं होतंच. १९९९ मध्ये दक्षिणेच्या माराबा भागात शेतकऱ्यांनी एक सहकारी संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ साधारण 'एका ध्येयासाठी एकत्र काम करणारे' असा होतो. विधवा, अनाथ, आणि ज्यांचे नातेवाईक तुरुंगात होते असे, सगळे एकाच संस्थेत. अमेरिकी मदतीतून २००१ साली कॉफी धुण्याचं केंद्र उभं राहिलं. आधी बी घरी कसंतरी सोलून व्यापाऱ्याला टाकायचे. आता पिकलेलं लाल फळ त्याच दिवशी केंद्रावर आणायचं, धुवायचं, मांडवावर वाळवायचं, हातानं निवडायचं. निवडायला बायका समोरासमोर बसतात, तासन् तास. बोलल्याशिवाय ते काम होत नाही. आणि माल तयार झाला तेव्हा ब्रिटन-अमेरिकेतले खरेदीदार जास्त भाव द्यायला तयार होते. युट्टा टोबिआस आणि कॅरोल बूद्रो या दोघींनी अशा केंद्रांवरच्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा कामाचं समाधान आणि घरची परिस्थिती सुधारल्याची भावना जिथं जास्त, तिथं दुसऱ्या गटाबद्दलचा दुरावा कमी आढळला.

गुऱ्हाळाचा माणूस हे ऐकून म्हणेल, यात नवीन काय? चुलवाणाशी जळण सारणारा एक, काहिलीत रस हलवणारा दुसरा, आणि पाक कधी उतरायचा ते सांगणारा गुळव्या तिसरा. तिघांची जात विचारत बसलं तर पाक करपतो. खरंय. पण सगळाच पैसा गुऱ्हाळासारखा नसतो.

कोलंबियात अर्धशतक यादवी चालली. ओइंद्रिला दुबे आणि हुआन वार्गास या अर्थतज्ज्ञांनी तिथले तालुके दोन गटांत पाहिले, कॉफीचे आणि तेलाचे. कॉफीचे भाव पडले तेव्हा कॉफीच्या तालुक्यांत हिंसा वाढली. कारण सरळ आहे: मजुरी घसरली की बंदूकवाल्यांची भरती स्वस्त होते. तेलाचं मात्र उलटं झालं. तेलाचे भाव चढले तेव्हा तेलाच्या तालुक्यांत हिंसा वाढली. तिथं लुटण्याजोगं घबाड वाढलं, मजुरांचं पोट मात्र त्या प्रमाणात भरलं नाही. एकच देश, तेच सरकार, तेच बंडखोर. एका ठिकाणी पैसा आल्यानं शांतता, दुसऱ्या ठिकाणी पैसा आल्यानंच रक्त. गुंतवणूक आली की शांतता येते, असं भाषणात ठोकून देणाऱ्यांनी हा एक अभ्यास तरी वाचावा. कॉफी हजारो हातांतून जाते. तेल एका नळीतून जातं, आणि नळीच्या तोंडाशी जो बसतो तो राजा.

आपल्याकडे कॉफी आणि तेल म्हणजे बांबू आणि लोखंड. जिल्हा गडचिरोली.

१९८० च्या सुमारास नक्षलवादी गोदावरी-प्राणहिता ओलांडून या भागात आले. पुढची चार दशकं तिथल्या माडिया-गोंड माणसानं दोन्हीकडच्या बंदुका पाहिल्या. जंगल अफाट, पण त्यावर हक्क वनखात्याचा. बांबू तोडायचा परवाना बल्लारपूरच्या कागद कारखान्याला. तेंदूपानाचा लिलाव ठेकेदाराला. आणि ठेकेदाराकडून खंडणी नक्षलवाद्यांना, हे पोलीस वर्षानुवर्षं सांगत आलेत. म्हणजे पानं गोळा करणाऱ्या बाईच्या घामातून सरकार, ठेकेदार आणि बंदूक या तिघांचं भागत होतं, आणि तिला मिळत होती पुड्यामागे ठरलेली मजुरी.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गावानं यावर वेगळा रस्ता धरला. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत अभ्यास करणारे मोहन हिराबाई हिरालाल ही नावं बऱ्याच वाचकांच्या परिचयाची असतील. गावाचा प्रत्येक निर्णय सर्वांच्या संमतीनं, ग्रामसभेत, आणि आधी अभ्यास. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. २००९ च्या ऑगस्टमध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी तो एक. तरी बांबू विकता येईना. हक्काचा कागद गावाकडे, पण मालाच्या वाहतुकीचा पास वनखात्याकडे. माल तुमचा, गाडीला दांडी आमची! दोन वर्षं हे चाललं. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. शंभर पानी वहीएवढीच ती चीज. पण त्या दिवसापासून गल्ल्यावर गाव बसलं. बांबू कुणाला विकायचा, काय भावानं, मजुरी किती, जंगलात परत किती घालायचे, हे ग्रामसभा ठरवू लागली. मग जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूचा व्यवहार स्वतःकडे घेतला.

मेंढ्यामुळे नक्षलवाद संपला असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल; तेंदूच्या हंगामात ग्रामसभांनाही दबाव सोसावे लागले. पण बंदूक हातात घ्यायला ज्या दोन गोष्टी माणसाला ढकलतात, आमचं आम्हाला मिळत नाही आणि आम्हाला कुणी विचारत नाही, त्या दोन्ही एका पासपुस्तकानं कमी केल्या. त्यासाठी लागलेलं भांडवल जवळपास शून्य होतं. इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंगवाले ज्याला परिणाम म्हणतात तो इथं आधी हक्कातून आला, पैसा मागून आला. हा क्रम उलटा केला की काय होतं ते त्याच जिल्ह्यात, एटापल्लीत दिसतं.

सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्सला २००७ मध्ये तिथला सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या केली. काम सुरू झालं तसं २३ डिसेंबर २०१६ रोजी खनिज वाहणारी सत्तर-ऐंशी वाहनं एका दिवसात जाळली गेली. खाणीबाहेरही तेच: २०१९ च्या महाराष्ट्रदिनी कुरखेडा तालुक्यात आधी रस्त्याच्या कामावरची वाहनं पेटवली, आणि तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ सुरुंगानं उडवली. १५ जवान आणि एक चालक गेले. २०२१ नंतर खाण मोठ्या बंदोबस्तात जोरात सुरू झाली, कोनसरीला कारखाना उभा राहिला, हजारोंना काम मिळालं. दुसऱ्या बाजूनं नव्या खाणींविरुद्ध २०२३ मध्ये तोडगट्ट्याला आदिवासींनी महिनोन् महिने ठिय्या दिला. हे आंदोलक नक्षलवादी नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हा डोंगर आमचा देव आहे, आणि तो खणायच्या आधी आम्हाला विचारलं गेलं नाही.

इथं एक गोष्ट मात्र लक्ष ठेवून बघावी अशी घडली आहे. २०२५ च्या सुरुवातीला कंपनीनं आपल्या कामगारांना, त्यात शरण आलेल्या काही माजी नक्षलवाद्यांनाही, शेअर दिले. पगार वेगळा आणि शेअर वेगळा. पगार घेणारा पहिली तारीख बघतो, शेअर असणारा पुढची दहा वर्षं बघतो. हे नुसतं म्हणायला नाही, याला पुरावा आहे. इस्रायलमध्ये २०१५ च्या निवडणुकीआधी सौमित्र झा आणि मोझेस शायो यांनी १३४५ मतदारांवर प्रयोग केला. काहींना थोड्या रकमेचे शेअर दिले, इस्रायली आणि पॅलेस्टिनी कंपन्यांचेही, आणि काही आठवडे ते सांभाळायला, खरेदी-विक्री करायला सांगितलं. निवडणुकीत या लोकांची मतं शांतता-वाटाघाटींच्या बाजूच्या पक्षांकडे थोडी, पण मोजता येईल इतकी, झुकली. कारण युद्धाची बातमी आली की आपल्या हातातल्या कागदाचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. शांततेची किंमत त्यांना पहिल्यांदाच रुपया-पैशात, म्हणजे त्यांच्या शेकेलमध्ये, कळली.

आता सुरजागडचे शेअर कामगाराच्या हाती टिकतात, की गरजेला विकले जाऊन बाहेर जातात, आणि ज्या गावांना कारखान्यात काम नाही पण खाणीची धूळ आहे त्यांच्या हाती काय येतं, यावर माझं मत ठरेल. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपती हा नक्षलवाद्यांचा मोठा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवून आला. बंदुका थंडावल्यात. खरी परीक्षा अशाच वेळी सुरू होते, कारण आता डोंगराचं काय करायचं ते ठरवताना कुणाला बंदुकीची सबब सांगता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण अशा ठिकाणी पैसा घालणार कोण? माझा प्रॉव्हिडंट फंड मी गडचिरोलीत का अडकवू? रास्त प्रश्न आहे, आणि जगभरच्या गुंतवणूकदारांचा तोच आहे. त्यावर त्यांनी काढलेला उपाय आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला लगेच कळेल. समजा दहा रुपये उभारायचे आहेत. एखादी धर्मादाय संस्था किंवा सरकार म्हणतं, बुडालं तर पहिले दोन रुपये माझे बुडतील. विकास बँक म्हणते, पुढचे तीन मी कमी व्याजानं देते. एवढी गादी अंथरल्यावर उरलेले पाच खासगी गुंतवणूकदार घालतो. आपण काय केलं होतं? शेतकऱ्याचे भाग, सरकारी भागभांडवल, वरून शासनाची थकहमी आणि जिल्हा बँक-राज्य बँकेचं कर्ज. प्रवरेला १९५० मध्ये विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे जमवलं, त्याला आज परदेशी परिषदांत मिश्र वित्त म्हणून टाळ्या पडतात. थकहमीचं पुढे काय झालं तेही आपण पाहिलंय. संचालकाच्या खिशातून काही जाणार नाही म्हटल्यावर कारखाना बुडवणं किती सोपं असतं, हे बाहेरच्यांनी आपल्याकडून शिकून घ्यावं.

आणि गिऱ्हाईक? काँगोच्या पूर्वेला गोमा नावाचं शहर आहे, तीस वर्षं युद्धाच्या तोंडाशी. तिथं नुरू या कंपनीनं २०२० मध्ये १.३ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला. वीज तयार झाली, पण प्रकल्प वाढवण्याइतका पैसा गरीब वस्तीच्या वीजबिलांतून येणार नव्हता. मग एनर्जी पीस पार्टनर्स या संस्थेनं एक प्रमाणपत्र काढलं. अशांत भागात तयार झालेल्या स्वच्छ विजेच्या प्रत्येक एककामागे एक कागद. जगातल्या मोठ्या कंपन्यांना आपला हरित वाटा दाखवायचाच असतो, त्यांनी तो विकत घ्यावा. मायक्रोसॉफ्टनं घेतला, आणि त्या पैशातून न्दोशो या वस्तीत रस्त्यावर दिवे लागले. अंधारात ज्या गल्लीतून बाई एकटी जात नव्हती तिथं संध्याकाळी दुकानं उघडी राहू लागली. मायक्रोसॉफ्टची आणि शाहू महाराजांची तुलना करायची माझी मुळीच इच्छा नाही, पण चाल तीच आहे: भांडवल देऊन बाजूला न होता माल विकत घेणं. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या बंडखोर गटानं गोमा जिंकलं. रस्त्यावरच्या दिव्यांनी फौज अडत नाही.

हे कबूल करायलाच हवं. पैशाच्या शक्तीबद्दल या क्षेत्रात फार फुगवून बोललं जातं. उत्तर युगांडात २००८ मध्ये बेकार तरुणांच्या गटांना धंद्यासाठी रोख अनुदान दिलं गेलं. चार वर्षांनी पाहिलं तर कमाई सरासरी ३८ टक्के वाढलेली. पण समाजात मिसळणं, भांडणं, निदर्शनं, यांत काहीच फरक नाही. माणूस सुखी झाला म्हणून शहाणा होतो असं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गुंठामंत्र्याला बघा. लायबेरियात यादवीतल्या माजी लढवय्यांना शेतीचं शिक्षण आणि साधनं दिली तेव्हा वेगळं दिसलं. शेजारच्या देशात लढाई पेटली आणि भाड्याचे शिपाई गोळा करणारे फिरू लागले, तेव्हा ज्यांचा पुढचा हप्ता अजून यायचा होता ते फारसे गेले नाहीत. मिळालेल्या पैशापेक्षा मिळणाऱ्या पैशानं माणूस जास्त धरून ठेवला. आपल्याकडच्या रोजगार हमीचंही तसंच. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पाग्यांनी रेटलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर गेली आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाली. पाऊस दगा देतो त्या वर्षी माओवादी हिंसा वाढायची; कायदा आल्यावर ती साखळी ढिली झाली, असं थीमो फेट्झर यांच्या अभ्यासात दिसतं. ही गुंतवणूक नव्हे, सरकारी मजुरी आहे. पण पाऊस गेला तरी हाताला काम आहे, ही खात्री तिनं दिली.

एकमेकांशी धंदा असला की दंगल होत नाही, हेही अर्धवट सत्य. भिवंडीत सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कारागीर तिसरा. तरी १९७० ला भिवंडी जळली, १९८४ ला पुन्हा जळली. माग जाळता येतो आणि शेजाऱ्याचा बंद पडला की आपला जोरात चालतो, हा हिशेबही कुणीतरी करतंच. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. गल्लीगल्लीत दोन्हीकडची माणसं नियमानं एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. धंदा आधीही तोच होता. फरक पडला तो बसायला जागा मिळाल्यानं.

यासाठी मला आपली ऊस परिषद महत्त्वाची वाटते. जयसिंगपूर हेही शाहू महाराजांनीच वसवलेलं, १९१७ चं. दर हंगामाच्या तोंडावर तिथं मैदान भरतं, दर मागितला जातो, मग रस्त्यात ट्रॉल्या अडतात, टायरची हवा जाते, कधी त्याहून वाईट होतं. २०१२ मध्ये सांगली जिल्ह्यात गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीवही गेला. पण बहुतेक वर्षी हे भांडण तोडग्यावर येतं, कारण त्याला ठरलेला महिना आहे, जागा आहे आणि टनामागे एक आकडा आहे. एफआरपी किती, उतारा किती, चौदा दिवसांत बिल जमा झालं का, हे गावातला दहावी नापास पोरगाही तोंडावर सांगतो. ज्या भांडणाचा हिशेब मांडता येतो ते सोडवता येतं. स्टेटसवरून होणाऱ्या भांडणाला आकडा नसतो.

या सगळ्यात आपण कुठं बसतो? दिल्ली-मुंबईच्या पातळीवर सोशल स्टॉक एक्स्चेंज निघालं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथं पहिल्या संस्थेचे रोखे सूचीबद्ध झाले आणि आता हजार रुपयांपासून पैसे घालता येतात. मात्र तिथल्या शून्य व्याज, शून्य मुद्दल प्रकारच्या रोख्यात पैसे परत येत नाहीत, ते एक प्रकारे दानच, फक्त हिशेबासह. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर बघावं. पण कोल्हापुरातल्या माणसाची मोठी गुंतवणूक तिथं नाहीच. ती आहे पतसंस्थेत, गावच्या सोसायटीत, दूध संघात, कारखान्यात आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेल्या जिल्हा बँकेत, जिचं मुख्य कार्यालय शाहूपुरीतच आहे. हा पैसा आपला आहे, ही संस्था आपल्या मालकीची आहे, आणि तो कुणाला कर्जाऊ मिळतो यावर जिल्ह्यातला शेजार टिकतो. २०२४ च्या जुलैमध्ये विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरं फोडली गेली. फोडलेल्या घराचं, दुकानाचं पुन्हा उभं राहणं हा शेवटी कर्जाचा प्रश्न असतो: कुणाला जामीन मिळतो, कुणाला मिळत नाही.

आपल्याकडच्या सर्वसाधारण सभा कशा होतात ते सांगायला नको. "मंजूर, मंजूर"च्या आरोळ्या, हिसकावलेला माइक, राष्ट्रगीत आणि जेवणाची रांग. तरीही कायद्यानं ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि सभासदाला लेखी प्रश्न विचारता येतो. यंदा अहवालाचं पाकीट आलं की न फोडता रद्दीत टाकू नका. कर्जवाटपाचा तक्ता काढा आणि एकच प्रश्न लिहून पाठवा: गेल्या वर्षी नव्यानं कर्ज मिळालेले सभासद किती, आणि कुठल्या वस्तीतले?

चहाचे दहा रुपये मी तिसऱ्या दिवशी दिले. गाडीवाल्यानं माझ्या नावावर रेघ मारली. त्या पानावर तोवर तीनच नावं उरली होती.